कुणाचंच नसलेलं जेवण

बेळगावहून निपाणीकडं निघालं आणि काकती मागं पडली की थोड्या वेळानं हत्तरगीचा टोलनाका येतो. गळीत हंगामात इथं उसाच्या ट्रॅक्टरमागं गाड्यांची रांग लागते. त्याच हत्तरगीत अडीचशे एकरांवर एक्वस कंपनीचं विशेष आर्थिक क्षेत्र आहे. एअरबस आणि बोइंगच्या विमानांना लागणारे सुटे भाग इथं घडतात. पाळी सुटली की बसमधली मुलं संकेश्वर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी, बेळगाव अशी चहूकडं पांगतात. कुणाच्या घरी मराठी, कुणाच्या घरी कन्नड, कुणाच्या घरी उर्दू. कामावर तिन्ही चालतात, आणि ड्रॉइंग वाचायला इंग्रजी.

या पट्ट्यातल्या कारखान्यांत, उद्यमबाग आणि मच्छेच्या फौंड्र्यांत, शहरातल्या बँकांत, इस्पितळांत आणि कॉलेजांत काम करणाऱ्यांपुढं वर्षातून दोन-तीनदा एक अवघड प्रश्न उभा राहतो. मोठी ऑर्डर पुरी झाली, कुणाला बढती मिळाली, कुणी नोकरी सोडून पुण्याला निघालं, की ‘टीमचं जेवण’ ठेवायचं असतं. ते कधी आणि कुठं ठेवायचं?

घोळ तारखेपासूनच सुरू होतो. सोमवार, गुरुवार, शनिवार हे निम्म्या लोकांचे पाळायचे वार. श्रावण संपला की गणपती, मग पितृपंधरवडा, मग नवरात्र. मार्गशीर्षातले गुरुवार वेगळेच. रमजान असेल तर वेळ इफ्तारीनंतरची. अमावास्या मराठी माणूस टाळतो, कानडी दुकानदार आणि गाडीवाला नेमकी त्याच दिवशी पूजा घालतो. १ नोव्हेंबरचं तर नावच काढायचं नाही. त्या दिवशी कर्नाटकाचा राज्योत्सव असतो आणि सीमाभागातल्या मराठी माणसाचा काळा दिवस; १९५६ च्या राज्यपुनर्रचनेचा हिशेब दोन्हीकडून मांडला जातो आणि शहाणा मॅनेजर त्या आठवड्यात मीटिंगसुद्धा ठेवत नाही. डिसेंबरात सुवर्णसौधात विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की शहरातली बरी हॉटेलं आमदार, अधिकारी आणि बंदोबस्ताच्या माणसांनी भरलेली असतात. एवढ्यातून जे दिवस उरतात त्यांतला एक पगाराच्या जवळचा निवडायचा.

मग जागा. खानावळीत जावं तर जवारीची भाकरी, भरली वांगी आणि शेंगाचटणी यांबद्दल प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं असतं, आणि प्रत्येकाच्या आईच्या हातचं त्याहून सरस असतं. नियाजची बिर्याणी हा बेळगावचा अभिमान, पण शाकाहारी मंडळींना तिथं नेऊन करायचं काय? सावजीकडं जावं तर तिखट कुणाचं खरं, हुबळीचं की कोल्हापूरचं, यावर रात्र संपते. उडुप्याकडं गेलं तर घरी गेल्यावर बायको विचारते, ‘पार्टी म्हणालासा आणि डोसा खाऊन आलासा व्हय?’

या सगळ्या जागांची अडचण एकच आहे, असं मला वाटतं. तिथं टेबलावर कुणी ना कुणी यजमान होऊन बसतो. पदार्थ त्याच्या घरचा, त्याच्या जातीचा, त्याच्या बाजूच्या भाषेचा असतो. तो समजावून सांगतो, बाकीचे मान डोलावतात. कौतुक जरा कमी पडलं तर त्याला लागतं. आठ तास शेजारी शेजारी काम करणारी माणसं रात्री जेवायला बसली की पुन्हा आपापल्या घरची होतात. म्हणूनच गेल्या काही वर्षांत ग्रुपवर ‘कुठं जायचं’ म्हणून मत मागवलं की तरुण पोरं पटकन लिहितात : थाई. थाई जेवणाला इथं कुणीच घरचं नाही. सगळेच पाहुणे.

बेळगावातल्या मोठ्या हॉटेलांत थाई जेवण बहुधा ‘पॅन एशियन’ या मथळ्याखाली मिळतं, मांचुरियन आणि सुशीच्या मधोमध. नीट थाई खायचं म्हटलं की चोर्ला घाट उतरून गोव्याला जायचं. सिकेरीच्या ताज हॉलिडे व्हिलेजमधलं ‘बनियन ट्री’ हे त्यातलं जुनं, नावाजलेलं ठिकाण. मुंबईत ही वाट १९९३ साली कफ परेडच्या प्रेसिडेंट हॉटेलातल्या ‘थाई पव्हेलियन’नं पाडली, आनंदा सोलोमन हे तिथले शेफ. तेव्हा थाई म्हणजे पंचतारांकित. आज सुपरमार्केटात नारळाच्या दुधाचा डबा आणि हिरव्या करीची पेस्ट मिळते, आणि निपाणीतली एखादी मुलगी मोबाइलवर बघून घरी थाई करी करते. पण ऑफिसच्या जेवणाला घरचं चालत नाही. तिथं मंद दिवे, जाड मेनूकार्ड आणि कमळासारखी घडी घातलेला नॅपकिन लागतो.

अशाच एका टोळीबरोबर मी गोव्यात जेवलो. सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातली आठ माणसं होती. क्वालिटीतले एक लिंगायत साहेब, कट्टर शाकाहारी. अकाउंट्समधली निपाणीची जैन मुलगी. खानापूरचा एक मशीनिस्ट, बेळगावच्या कॅम्पातला खरेदी विभागातला मुसलमान पोरगा, निवृत्तीला आलेले एक माळकरी फोरमन, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, दोन ट्रेनी इंजिनियर आणि बेंगळूरूहून बदलून आलेला मॅनेजर. जेवण मॅनेजरच्या खात्यातून होतं, त्यामुळं सगळे जरा जपून होते.

मेनूकार्ड इंग्रजीत. बेळगावात असतं तरी इंग्रजीतच असतं. बाहेरच्या पाटीवर साठ टक्के जागा कन्नडला द्या, असं कर्नाटकाचा कायदा सांगतो. पाटीवरून शहरात काचाही फुटलेल्या आहेत. आतल्या मेनूकार्डाशी कुणाचं भांडण नाही. ऑर्डर घेणारा मुलगा मणिपूरचा, त्याच्याशी बोलायची भाषा हिंदी. मराठी-कानडी दोन्ही बाजूंनी हत्यारं खाली ठेवली आणि सगळ्यांनी मिळून ‘टॉम खा’चा उच्चार चुकवला. तो मुलगा गंभीर चेहऱ्यानं सगळं लिहून घेत होता. त्यालाही ते जेवण तितकंच परकं होतं, हे त्यानं नंतर हळूच सांगितलं. त्याला घरचं इरोम्बा आठवतं म्हणे.

टेबलावर चॉपस्टिक मांडलेल्या होत्या. ट्रेनी पोरांनी त्यांच्याशी पाच-सात मिनिटं झुंज दिली. खरं तर थायलंडात चॉपस्टिक नूडल्सपुरत्या असतात. भाताचं जेवण तिथं चमच्यानं जेवतात : उजव्या हातात चमचा, डाव्या हातातल्या काट्यानं घास चमच्यावर ढकलायचा, सुरीचं काम नाही कारण सगळं आधीच चिरलेलं. ही चमचा-काट्याची रीत एकोणिसाव्या शतकात राजवाड्यातून खाली आली. त्याआधी तिथला माणूस हातानंच जेवत होता, आणि चिकट भात खाणाऱ्या ईशान्येकडच्या इसान भागात आजही हातानं गोळा करून जेवतात. हे सांगितल्याबरोबर अण्णांनी चमचा बाजूला ठेवला आणि बोटांनी भात कालवला. मॅनेजर क्षणभर थबकला, मग त्यानंही.

एकेक पदार्थ येत गेला तसा परकेपणाचा रंग थोडा उडाला. टॉम यमच्या वाटीतून आलेला पहिला वास गवती चहाचा. परसदारात वाढणारा आणि पावसाळ्यात आल्याबरोबर चहात पडणारा तोच. फरक एवढाच की आपण पात उकळतो, ते बुडखा ठेचतात. त्यातल्या आल्यासारख्या चकत्या म्हणजे कुलिंजनाच्या कुळातलं मूळ. आपल्याकडं कुलिंजन वैद्याच्या दुकानात मिळतं आणि गवई आवाजासाठी ते पानात घालतात. बेळगाव-धारवाडच्या या पट्ट्यानं हिंदुस्थानी संगीताला इतके गळे दिले, खुद्द कुमार गंधर्व बेळगावजवळच्या सुळेभावीचे. तरी कुलिंजन सूपात टाकावं असं इथं कुणाला सुचलं नाही. चिंच, नारळ, पॅड थाईवर भुरभुरलेलं शेंगदाण्याचं कूट, माडाचा गूळ, सगळं ओळखीचं. खानापूरच्या मशीनिस्टनं कूट चाखून निवाडा दिला : ‘जास्त भाजलंय ओ, करपट लागतंय बघा.’

तिखटाचा प्रवास तर एकाच माणसाच्या पदरी बांधावा असा आहे. मिरची ना आपली ना त्यांची. ती अमेरिकेतली, आणि पूर्वेकडं आली ती पोर्तुगिजांच्या व्यापाराबरोबर. अल्फान्सो द अल्बुकर्कनं १५१० साली गोवा घेतला आणि १५११ साली मलाक्का. त्याच वर्षी त्याचा वकील दुआर्ते फर्नांडिश सयामच्या राजाला भेटायला अयुथ्याला पोचला. पुढच्या काळात त्याच दर्यावर्दी जाळ्यातून मिरची एकीकडं सह्याद्री चढून दख्खनच्या पठारावर आली आणि दुसरीकडं सयामच्या उखळात गेली. हत्तरगीच्या पुढचं गाव संकेश्वर. तिथल्या मिरचीनं कोल्हापुरी चटणीला रंग आणि झणका दिला. ज्या टोळीतले निम्मे लोक रोज संकेश्वरवरून येतात त्यांनी थाई मिरचीला ‘तिखट आहे पण चव नाही’ म्हणावं, हा त्यांचा हक्क मला मान्य आहे. मत मान्य नाही. त्या बारक्या मिरचीचा तिखटपणा जिभेच्या टोकावर येतो आणि लिंबाबरोबर निघून जातो. आपली चटणी घशात मुक्काम ठोकते. दोन्हींचं काम वेगळं.

गोडाचंही तेच. अयुथ्याच्या दरबारात सतराव्या शतकात मारिया गियोमार द पिन्या नावाची एक बाई होती. पोर्तुगीज, जपानी आणि बंगाली रक्ताची. अंड्याच्या बलकाची सोनेरी शेवयांसारखी थाई मिठाई तिच्या नावावर सांगतात. गोव्यातल्या बेबिंकेत बलक घालायला शिकवलं तेही पोर्तुगीज हातांनीच. म्हणजे ज्या गोव्यात बसून आम्ही थाई खात होतो तिथून थाई स्वयंपाकघर वाटतं तेवढं दूर नव्हतं. अण्णांना मात्र गोड खाताना अंडं नको होतं, त्यामुळं हा इतिहास सांगून फारसा उपयोग झाला नाही.

त्यांची खरी पंचाईत वेगळीच झाली. शेजारच्या ताटलीत ‘पॅड क्रापाओ’ आलं : खिमा, लसूण, मिरची आणि मूठभर परतलेली पानं. खऱ्या पद्धतीनं करतात तेव्हा ती पानं तुळशीची असतात. ‘तुळशीच्या जातीची’ असं म्हणून सुटका नाही. वनस्पतिशास्त्रात तीच ती, आपल्या वृंदावनातली. भारतातली पुष्कळ हॉटेलं तिच्याऐवजी गोडसर वासाची दुसरी बेझिल वापरतात, पण इथला आचारी बहुधा चोख होता. अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ. माळ घातली तेव्हापासून मांस सोडलेलं, आषाढीला पायी पंढरपूर. दिवाळी झाली की त्यांच्या अंगणात तुळशीचं लग्न लागतं, ऊस आणि चिंचा-आवळे मांडून. आणि इथं तीच तुळस खिम्यात. खरेदीतला पोरगा घास तोंडाशी नेताना थांबला आणि म्हणाला, ‘अण्णा, खाऊ का नको?’ अण्णा म्हणाले, ‘खा की रे. तुझ्या गळ्यात कुठं माळ आहे?’ मग स्वतःशीच पुटपुटले, ‘तिकडं लोकांस्नी पंढरपूर ठाऊक नसंल.’ विषय संपला. खानावळीत हाच प्रसंग आला असता तर एवढ्यात संपला असता असं मला वाटत नाही. तिथं आचाऱ्याला बोलावून जाब विचारला असता, कारण आचारी आपला.

शाकाहाराची गोष्ट इतक्या सहज सुटत नाही. थाई जेवण मांडतात ते मधोमध. प्रत्येकासमोर भाताची ताटली, आणि करी, भाजी, तळलेलं, सॅलड टेबलाच्या मध्यावर. प्रत्येकानं थोडं थोडं घ्यायचं. आपलं ताट वाढून येतं आणि आपल्यापुरतं असतं. शेजाऱ्यानं काय खाल्लं याच्याशी त्याचा संबंध येत नाही. मधल्या वाडग्यात मात्र सगळ्यांचे चमचे फिरतात. वाढायचा चमचा वेगळा असतो, पण गप्पांच्या नादात तो कोळंबीच्या वाडग्यातून टोफूच्या वाडग्यात जातोच. क्वालिटीच्या साहेबांनी आपला वाडगा हळूच स्वतःच्या ताटलीमागं ओढून घेतला. टेबलावर एक न दिसणारी सीमा तयार झाली. तीही माझ्या मते ठीकच; तिच्यावरून कुणी सर्वोच्च न्यायालयात गेलं नाही.

त्याहून आतली भानगड पेस्टमध्ये आहे. हिरव्या आणि तांबड्या करीच्या वाटणात मुळात आंबवलेल्या कोळंबीचा लगदा असतो आणि मीठ म्हणून फिश सॉस. ‘व्हेज ग्रीन करी’ मागितली की मांसाचे तुकडे जातात, वाटण तेच राहू शकतं. चांगली हॉटेलं शाकाहारी वाटण वेगळं ठेवतात, तरी विचारून घेतलेलं बरं. भारतात तो प्रश्न कुणाला वेडगळ वाटत नाही. निपाणीच्या मुलीची अडचण दुप्पट. कांदा, लसूण, कुलिंजनाच्या कुळातलं ते मूळ, कोथिंबिरीची मुळं हे थाई वाटणाचे चार खांब, आणि ती जमिनीखालचं काहीच खात नाही. तिच्या वाट्याला वाफवलेला भात, कच्च्या पपईचं सॅलड लसणाशिवाय, आणि नारळपाणी.

गंमत अशी की तिच्या नेमाच्या अगदी जवळ जाणारी परंपरा थायलंडातच आहे. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्याचे पहिले नऊ दिवस, म्हणजे आपल्या नवरात्राच्या आगेमागे, फुकेत आणि इतर शहरांतले चिनी वंशाचे लोक ‘जे’ पाळतात. मांस नाही, मासा नाही, अंडं-दूध नाही, आणि कांदा-लसूणही नाही. रस्त्यावरच्या गाड्यांवर पिवळे झेंडे लागतात; झेंडा दिसला की डोळे मिटून खावं. भारतातल्या महागड्या थाई हॉटेलांनी ‘जैन थाई’ नावाचं काहीतरी स्वतःच्या डोक्यानं रचण्यापेक्षा हे पिवळ्या झेंड्याचं जेवण आणलं तर निपाणी, चिकोडी, सांगली, कोल्हापूर एवढ्यावरच त्यांचं दुकान चालेल.

थायलंडला जाऊन आलेला सहकारी यात काही मदत करील असं समजू नका. सीमाभागातून बँकॉकला जाणारे लोक कमी नाहीत. भारतीयांना तिथं व्हिसाशिवाय प्रवेश मिळायला लागला तो २०२३ च्या नोव्हेंबरात, पण त्याच्या कितीतरी आधीपासून खत, बियाणं, सिमेंट आणि रंगांच्या कंपन्या आपल्या डीलरांना ‘टार्गेट’ पुरं केल्याबद्दल बँकॉक-पटायाला नेत आल्या आहेत. त्या सहलींत तिन्ही त्रिकाळ भारतीय बुफे असतो. पाच दिवस थायलंडात राहून पनीर बटर मसाला खाऊन परतलेला माणूस मेनूकार्ड हातात घेतो तेव्हा सावध राहावं. मॅनेजर त्यातलाच निघाला.

थाई जेवणाचा हा जगभरचा पसारा आपसूक झालेला नाही, हेही इथं सांगायला हवं. पॅड थाईला राष्ट्रीय पदार्थ बनवलं ते फील्ड मार्शल फिबुनसोंग्क्रामच्या सरकारनं. त्यानं १९३९ साली सयामचं थायलंड केलं, लोकांनी काय नेसावं-बोलावं याचे फतवे काढले, आणि चिनी धाटणीच्या नूडल्सवर थाई शिक्का मारून घरोघरी पोचवला. पुढं २००२ च्या सुमारास तिथल्या सरकारनं ‘ग्लोबल थाई’ नावाची मोहीम काढून परदेशांत थाई हॉटेलं उघडायला हातभार लावला. ‘थाई सिलेक्ट’ हा शिक्का त्यातूनच आला. एका सरकारला आपलं जेवण जगाच्या टेबलावर नेऊन मांडावंसं वाटलं. आपल्याकडच्या दोन सरकारांनी सत्तर वर्षं बेळगाव कुणाचं यावर घालवली, २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. कुंदा आणि मांडे ही इथली पक्वान्नं कुणाची, यावर अजून कुणी दावा ठोकलेला नाही, हे आपलं नशीब.

एका पंक्तीला बसणं हा या भागात साधा विषय कधीच नव्हता, हे त्या जेवणात मला सारखं आठवत होतं. निपाणीपासून चाळीसेक किलोमीटरवर कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी ‘सत्यसुधारक’ हॉटेल काढलं. राजवाड्याच्या पागेत काम करणारा हा माणूस. पाण्याच्या हौदाला शिवला म्हणून त्याला मार बसला होता. महाराच्या हातचा चहा प्यायला कोण येणार? शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून चहा मागवू लागले आणि बरोबरच्या बड्या मंडळींनाही प्यावा लागला. १९२० च्या मार्चमध्ये माणगावची परिषद झाली, तिथं शाहू महाराजांनी आंबेडकरांना आपल्याबरोबर जेवायचं जाहीर निमंत्रण दिलं. १९२५ च्या एप्रिलमध्ये खुद्द निपाणीत बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली, अध्यक्ष डॉ. आंबेडकर. पुढं मुंबई-पुण्याकडं अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजनं घातली; सगळ्यांना परवडेल आणि कुणालाच नाकारता येणार नाही असा पदार्थ त्यांनी मुद्दाम निवडला. ऑफिसच्या टीमला थाई सुचतं त्यात या निवडीचा एक दूरचा पडसाद मला ऐकू येतो. फक्त गद्र्यांनी सगळ्यांच्या घरचं शोधलं होतं, आपण कुणाच्याच घरचं नसलेलं शोधतो. आणि गद्र्यांची भाकरी स्वस्त होती.

निपाणीत कष्टकरी माणसांनी एकत्र येणं, एकत्र जेवणं याला आणखी एक इतिहास आहे. तंबाखूच्या वखारींत बायका धुरळ्यात बसून तंबाखू चाळत. त्यांच्या संघटनेवर दीपा धनराज आणि ‘युगांतर’ या बायकांच्या गटानं १९८२ साली ‘टोबॅको एम्बर्स’ नावाचा माहितीपट केला, त्या कामगार बायकांबरोबर राहून, त्यांच्याशी बोलून. त्याच्या आदल्याच वर्षी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकरी निपाणीजवळ पुणे-बेंगळूरू हमरस्त्यावर ठाण मांडून बसले. रस्त्यातच वस्ती झाली, आंदोलननगर म्हणत तिला, आणि गावागावांतून येणाऱ्या भाकऱ्यांवर हजारो माणसं जेवली. ६ एप्रिल १९८१ ला पोलिसांनी गोळीबार केला, शेतकरी मारले गेले. आज त्याच रस्त्यानं विमानाचे भाग घेऊन कंटेनर जातात. त्या टोळीतल्या एका ट्रेनीचे आजोबा त्या रस्त्यावर बसलेले होते. त्याला ते माहीत होतं, पण जेवताना सांगायची गोष्ट आहे असं त्याला वाटलं नव्हतं. निपाणीचा विषय निघाला म्हणून बोलला. मॅनेजरनं घास थांबवून त्याला दोन-तीन प्रश्न विचारले. त्या संध्याकाळी कामाव्यतिरिक्त त्या दोघांत झालेलं बहुधा हे एकच बोलणं.

बिलाचं थोडं सांगून टाकतो, कारण थाई जेवणात शेवटचा धक्का तोच असतो. साध्या हॉटेलात जीएसटी ५ टक्के. पण ज्या हॉटेलात खोलीचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर जातं तिथल्या रेस्टॉरंटात १८ टक्के. ‘सर्व्हिस चार्ज’ नावाची रक्कम खाली छापून आली तर ती देणं आपल्या मर्जीवर आहे. तशा मार्गदर्शक सूचना ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं २०२२ साली काढल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयानं २०२५ च्या मार्चमध्ये त्या उचलून धरल्या. ऑफिसच्या टेबलावर मात्र ही रक्कम काढून टाका असं म्हणायला कुणी धजत नाही. साहेबासमोर चिक्कू दिसायला नको. खात्यातून बिल भरायचं असेल तर निभावतं. ‘कॉन्ट्री’ असेल तर भात आणि नारळपाणी घेतलेल्या मुलीनं सारखा हिस्सा का द्यावा, हा प्रश्न सगळ्यांच्या डोक्यात येतो आणि विचारत कुणीच नाही. माझं मत विचाराल तर कॉन्ट्रीचं जेवण थाई नसावं. ते खानावळीत असावं, जिथं ताट मोजता येतं.

आणखी एक माणूस त्या रात्री होता, टेबलावर नव्हता. गाडीचा ड्रायव्हर. सगळे त्याला मामा म्हणत. चोर्ला घाटाची वळणं तोच घेऊन आला होता आणि रात्री धुक्यात तोच परत नेणार होता. हॉटेलच्या दारात मॅनेजरनं त्याच्या हातात काही नोटा ठेवल्या आणि ‘तुम्ही जेवून घ्या’ म्हणाला. ही रीत सगळीकडची आहे, वाईट हेतू कुणाचाच नव्हता, आणि मामांना बाहेरच्या गाड्यावरची मासळी जास्त आवडली असती हेही शक्य आहे. पण अण्णांना ते रुचलं नाही. सूप यायच्या आत ते उठले, बाहेर गेले आणि मामांना घेऊन आले. टेबलाला आणखी एक खुर्ची लागली. मामांनी मेनूकार्ड उघडलंच नाही. त्यांच्यासाठी मसामन करी मागवली, कारण दालचिनी, वेलदोडा, लवंग असलेली, मुसलमान व्यापाऱ्यांच्या वाटेनं तिकडं गेलेली ती करी आपल्या मसाल्याच्या सगळ्यात जवळची. मामांनी दोन घास खाल्ले, चव बरी आहे म्हणाले, आणि मणिपूरच्या पोराला विचारलं, ‘भाई, चपाती मिलेगी क्या?’

चपाती मिळाली नाही. पण पुढच्या खेपेला कुठं जायचं यावर परतीच्या वाटेत जो वाद झाला त्यात मामांचंही मत घेतलं गेलं, आणि ते महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या कोगनोळी नाक्यापलीकडच्या एका ढाब्याचं होतं. लिंगायत साहेबांनी तिथं शाकाहारी स्वयंपाकघर वेगळं आहे का, विचारलं. जैन मुलगी झोपली होती. खानापूरच्या मशीनिस्टचं म्हणणं, शेंगदाण्याचं कूट कसं भाजायचं हे त्या आचाऱ्याला कुणीतरी शिकवायला हवं.